वस्तरा धारदार झाला. पण स्वच्छ झाला का?

वाचकहो, आरोग्याच्या सदरात वस्तऱ्याच्या धारेचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षभरात गालावर, हनुवटीखाली किंवा बोटाला वस्तरा लागून माझ्या दवाखान्यात येणारे वाढले आहेत. त्यात निवृत्त गृहस्थ आहेत, तशीच नुकती मिसरूड फुटलेली मुलेही आहेत. माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा वस्तरा सापडतो, मोबाईलवर कुणी दगडावर धार लावताना दिसतो आणि हौस सुरू होते. हौसेला माझा विरोध नाही. चांगल्या पोलादाचा वस्तरा नीट राखला तर दोन पिढ्या सहज टिकतो आणि ब्लेडांचा कचराही होत नाही.

या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, घरी धार लावताना वस्तऱ्याच्या पाठीला चिकटपट्टी लावावी की नाही?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्याहून मोठा प्रश्न कुणीच विचारत नाही, तो म्हणजे "हा वस्तरा घरात आणखी कोण वापरतो?" आज या दोन्हींचा विचार करू.

चिकटपट्टीचे काम काय?

वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि धार पातळ. तो दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. त्यामुळे घासण्याचा कोन आपोआप ठरतो. सुरीसारखा तो अंदाजाने धरावा लागत नाही. मात्र धारेबरोबर पाठही थोडी थोडी झिजते. ही झीज टाळण्यासाठी काही जण पाठीवर वायरमन वापरतात तसली इन्सुलेशन टेप चिकटवतात. तिची जाडी जेमतेम मिलिमीटरचा आठवा भाग. पण तेवढ्यानेही पाठ उचलली जाते आणि धारेचा कोन सुमारे एक अंशाने वाढतो.

दाढीच्या दृष्टीने एका अंशाने काही बिघडत नाही. बिघडते ते धरसोडीने. एका वेळी टेप लावून धार काढली आणि पुढच्या वेळी टेपशिवाय घासले, तर दगड धारेच्या मागच्या उतारावर घासतो. नेमक्या कडेला तो पोचतच नाही. माणूस अर्धा तास घासतो, हात भरून येतात आणि वस्तरा बोथटच राहतो. म्हणून नियम सोपा आहे. टेप लावायची तर दरवेळी एकच पदर लावावा. नाही लावायची तर कधीच लावू नये. पाठीवर नक्षी किंवा मुलामा असेल, अथवा हात नवशिका असेल, तर टेप बरी. ती मधेच झिजली तर बदलावी आणि सुरकुती राहू देऊ नये. दगड कडेपर्यंत पोचतो की नाही हे पाहायचे असेल, तर मार्कर पेनची शाई धारेच्या उतारावर लावून दोन-चार हात मारावेत. अगदी कडेवरची शाई गेली नसेल, तर दगड तिथे लागलेला नाही.

काम संपल्यावर टेप काढून टाकावी. तिच्याखाली ओल राहते आणि तिथेच गंज धरतो.

बोथट वस्तरा अधिक कापतो

धार कमी म्हणजे धोका कमी, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात उलट आहे. बोथट वस्तरा केस कापत नाही, ओढतो. मग माणूस दाबतो, त्याच जागी चार वेळा फिरवतो आणि कातडीचा वरचा थर खरवडला जातो. तिथे जंतू शिरून केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, केसतूड होते. कुरळे केस असणाऱ्यांत कापलेला केस वळून पुन्हा कातडीत शिरतो आणि मानेवर गाठी उठतात. अशा माणसाने वस्तरा केसांच्या उलट दिशेने फिरवूच नये. गोल, खाजरा, कडेने वाढणारा चट्टा दाढीत दिसला, तर ते गजकर्ण असू शकते. त्यावर स्वतःच्या मनाने दुकानातून स्टेरॉईड मिसळलेले मलम आणून लावू नये. त्याने खाज तात्पुरती थांबते आणि गजकर्ण पसरते.

धार लावताना होणाऱ्या जखमा बहुधा बोटांच्या असतात. दगड हातात धरू नये. टेबलावर ओल्या फडक्यावर पक्का ठेवावा. दगडावर धार पुढे आणि पाठ मागे असावी, चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरून उलटावा. धार तपासायला पात्यावरून बोट फिरवू नये. आणि वस्तरा हातातून निसटला तर पडू द्यावा. पोलाद पुन्हा घासता येते, बोटाची शीर तुटली तर शस्त्रक्रिया करावी लागते.

धार म्हणजे स्वच्छता नव्हे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. माझ्या ओळखीच्या एका घरात वडील आणि दोन मुलगे एकच वस्तरा वापरत. वडिलांना त्याचा अभिमान होता. दर रविवारी ते दगडावर बसत. धार अशी की हातावरची लव उडावी. एका शिबिरात त्यांनी रक्तदान केले. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग व हिवताप यांसाठी तपासणी होते. त्यात वडिलांना हिपॅटायटिस बी, म्हणजे ब प्रकारची कावीळ, असल्याचे निघाले. अंगावर एकही लक्षण नव्हते. डोळे पिवळे नव्हते, भूक चांगली होती. मी घरातल्या सर्वांच्या रक्ताची तपासणी करून घेतली. आई आणि धाकटा मुलगा निर्धोक निघाले, थोरल्याच्या रक्तात तोच विषाणू सापडला.

थोरल्याला तो वस्तऱ्यातूनच मिळाला, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून, दूषित सुईतून, लैंगिक संबंधांतूनही येतो. पण दाढीचे सामान एकत्र वापरणे हा त्याचा एक माहीत असलेला रस्ता आहे, आणि त्या घरात तो रस्ता रोज उघडा होता. धाकट्याला आम्ही लगेच लस सुरू केली. वडील आणि थोरला आज यकृताच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहेत. हा आजार वर्षानुवर्षे गप्प राहून यकृत निकामी करू शकतो, यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा कण त्याला पुरतो. दगडावर घासल्याने कडेचे पोलाद जाते हे खरे. पण साबण आणि रक्ताचा कीट मुठीच्या खोबणीत, खिळ्यापाशी बसलेला असतो. तिथे दगड पोचत नाही.

मग वस्तरा उकळावा का? पोलाद गंजते आणि शिंगाची किंवा सेल्युलॉईडची मूठ वाकडी होते. ब्लीचिंगच्या पाण्यात ठेवावा, तर धार खाल्ली जाते. स्पिरिटने पुसणे स्वच्छतेसाठी चांगले, पण तेवढ्यावर दुसऱ्याच्या गालाला तो लावावा इतकी खात्री मी देणार नाही. म्हणजे घरचा वस्तरा पूर्ण निर्जंतुक करणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. यावर उपाय एकच, एक वस्तरा एका माणसाचा. जुन्या बाजारातून आणलेला वस्तरा दाढीला न वापरता शोभेसाठी ठेवलेला बरा. सलूनमध्ये गेलात तर नवे ब्लेड आपल्यासमोर उघडायला सांगावे. आपले नाभिक बंधू त्याचा राग मानत नाहीत.

एवढे अवश्य करा

दाढीनंतर वस्तरा साबणाच्या पाण्याने धुवावा, मूठ उघडून आतून कोरडा करावा, स्पिरिटने पुसावा आणि पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवावा. पुढच्या दाढीआधी ते तेल धुऊन टाकावे. कापले तर स्वच्छ फडके सलग दहा मिनिटे दाबून धरावे, मधे उचलून पाहू नये. तुरटीचा खडाही ज्याचा त्याचा वेगळा असावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, हात कापणाऱ्यांनी आणि मधुमेह आटोक्यात नसलेल्यांनी वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

धनुर्वात गंजामुळे होतो, हा समज चुकीचा आहे. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात. मळलेल्या वस्तूने झालेल्या कोणत्याही जखमेतून ते शिरतात. शेवटचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील, तर जखमेची वाट न पाहता ते घ्यावे. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी मिळते. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचेही संरक्षण आहे.

शेवटी हिपॅटायटिस बीच्या लसीविषयी. २०११ च्या सुमारास ती देशभर बालकांच्या लसीकरणात आली. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना ती मिळालेली नाही, आणि घरात वस्तरा धरणारे हात प्रामुख्याने त्यांचेच आहेत. आधी रक्ताची एचबीएसएजी तपासणी करावी. निर्धोक असल्यास आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस घ्यावेत. वस्तऱ्याच्या धारेसाठी आपण तासभर दगडावर बसतो. या लसीसाठी सहा महिन्यांत तीनदा दवाखान्याची पायरी चढायला हरकत नसावी.