रुखवतातला पट

रुखवतात काय काय मांडतात, ते आपल्याला सांगायला नको. पण जॉर्जियात म्हणे पूर्वी लेकीला सासरी पाठवताना बुद्धिबळाचा पट द्यायची रीत होती. हा जॉर्जिया अमेरिकेतला नव्हे बरं का! काळ्या समुद्राकाठचा, ४० लाखांच्या आत वस्तीचा चिमुकला देश.

या रीतीचं चीज केलं नोना गाप्रिंदाश्विलीने. १९४१ साली झुगदिदी गावात जन्मलेली, भावांच्या गोतावळ्यात वाढलेली ही पोर. प्रशिक्षक वाख्तांग कार्सेलाद्झे यांनी तिला हेरलं. १९६२ मध्ये मॉस्कोत तिने जगज्जेत्या एलिझावेता बिकोवाला ९-२ असं लोळवलं, तेही एकही डाव न हरता. वय वर्षं २१!

मग काय, घराघरातल्या मुली पटावर बसू लागल्या. जॉर्जिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. १९७३ मध्ये राजधानी तिबिलिसीत बुद्धिबळाचा चक्क महाल उभा राहिला. १९७८ मध्ये नोनाचा किताब हिसकावला तोही घरच्याच मुलीने, १७ वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेने. १९९१ पर्यंत तो तिच्याकडेच होता. आव्हान द्यायला आलेल्या नाना अलेक्सांद्रिया आणि नाना इओसेलियानी याही तिथल्याच. (हो, तिकडे ‘नाना’ हे बाईचं नाव!) पुढे देश स्वतंत्र झाला, हाल झाले, तरी १९९२, १९९४, १९९६ आणि २००८ चं महिला ऑलिंपियाड या बायकांनीच जिंकलं.

पुरुषांना मिळतो तोच ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातली पहिली स्त्री नोनाच, १९७८ मध्ये. आणि २०२० साली ‘द क्वीन्स गॅम्बिट’ या गाजलेल्या मालिकेत तिचं नाव घेऊन काय सांगितलं, तर ही पुरुषांशी कधी खेळलीच नाही! कथेतला काळ १९६८ चा. तोवर तिने डझनावारी पुरुषांशी डाव मांडले होते. कल्पित नायिका मोठी दिसावी म्हणून खऱ्या बाईचं कर्तृत्व पुसायचं? ऐंशीच्या घरातली नोना गप्प बसली नाही. २०२१ मध्ये तिने नेटफ्लिक्सवर दावा ठोकला. २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तो जॉर्जियातल्याच बातुमी शहरात. त्या विजयाबरोबर तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला. नोनाला मिळाला होता, तोच.