पुरस्काराच्या बाहुलीवर नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, वर्तमानपत्रात राज्य चित्रपट पुरस्कारांची यादी येते, तेव्हा तुम्ही काय करता? बहुतेक जणी नटीच्या साडीवर एक नजर टाकून पान उलटतात. तो कागद मग फडताळात अंथरायला जातो. त्यात तुमची चूक काही नाही. यादीतले निम्मे चित्रपट आपल्यापर्यंत पोचलेलेच नसतात. धाडसारख्या गावात राहणाऱ्या बाईला चित्रपट पाहायचा म्हणजे बुलढाण्याची एस.टी. गाठायची, मुलांना सासूबाईंच्या स्वाधीन करायचं आणि परतीच्या गाडीच्या काळजीत शेवट पाहायचा. एवढा खटाटोप करून बाई जाईल ती हमखास करमणुकीच्या चित्रपटाला. पुरस्कारवाल्या 'रडक्या' चित्रपटाला कोण जातं, असंच आपण म्हणतो.

पण ती यादी एकदा नीट वाचून पाहा. त्यात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती आपलीच, बायकांची आहे.

पहिला मान आईला

स्वतंत्र भारतात सरकारने चित्रपटांना पारितोषिकं द्यायचं ठरवलं आणि पहिला समारंभ १९५४ साली झाला. देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळणार होतं. बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' त्याच वर्षीच्या स्पर्धेत होता, त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. सुवर्णपदक मात्र मिळालं एका मराठी चित्रपटाला. तो म्हणजे आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. चित्रपट निघायच्या आधीच, १९५० साली, गुरुजी गेले. त्यांना हे कौतुक पाहायला मिळालं नाही. आईच्या भूमिकेत वनमाला होत्या आणि श्याम झाला होता माधव वझे. विचार करा, देशातलं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते कोकणातल्या एका गरीब घरातल्या आईच्या कथेला. तिनं ना लढाई जिंकली, ना राज्य केलं. केला तो संसार. पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटाला मराठीतला सर्वोत्कृष्ट म्हणून रौप्यपदक मिळालं.

राज्य आलं, पुरस्कार आले

१९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीलाच राज्य सरकारने मराठी चित्रपटांसाठी स्वतःचे पुरस्कार सुरू केले. त्याचं कारण उघड होतं. हिंदी चित्रपट मुंबईतच तयार होत होते. त्यांच्याजवळ पैसा होता, मोठे नट होते आणि थिएटरंही त्यांनाच मिळत. मराठी निर्माता दागिने गहाण टाकून चित्रपट काढायचा आणि तो लावायला थिएटर मिळेना म्हणून हात चोळत बसायचा. घरचं लेकरू अंगणात उपाशी आणि पाहुण्याला पंचपक्वान्न, असा प्रकार! पुरस्काराने निदान नाव झालं. पुढे १९७५ साली करमणूक कर परत देण्याची योजना आली आणि निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी थोडा आधार मिळाला.

या पुरस्कारांची एक आठवण अजून सांगितली जाते. १९६५ साली भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' आला. संगीतकाराचं नाव होतं 'आनंदघन'. राज्य पुरस्कारांत संगीताचं पारितोषिक या आनंदघनला जाहीर झालं. व्यासपीठावरून नाव पुकारलं तरी कुणी उठेना. शेवटी सांगितलं गेलं की आनंदघन दुसरं कुणी नसून समोर बसलेल्या लता मंगेशकर आहेत! गाणारी बाई लोकांना ठाऊक होती. चाली बांधणारी बाई मात्र टोपणनावाच्या पदराआड उभी होती.

आता यादी वाचू या

राज्य पुरस्कारांतल्या बऱ्याच पारितोषिकांना जुन्या कलावंतांची नावं आहेत. उत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक स्मिता पाटील यांच्या नावाचं आहे. साहाय्यक अभिनेत्रीचं शांता हुबळीकर आणि हंसा वाडकर यांच्या नावाचं. प्रथम पदार्पण करणाऱ्या अभिनेत्रीचं रंजना देशमुख यांच्या नावाचं. या चौघींची आयुष्यं एकाशेजारी एक ठेवून पाहा.

शांता हुबळीकर यांना १९३९ सालच्या शांतारामबापूंच्या 'माणूस'ने घराघरांत पोचवलं. त्याच शांताबाईंना उतारवयात वृद्धाश्रमाचा आसरा घ्यावा लागला. १९९२ साली त्या गेल्या.

हंसा वाडकर यांनी लहान वयात तोंडाला रंग लावला तो घर चालवण्यासाठी. कमाई त्यांची आणि हुकूम इतरांचा, असं त्यांचं आयुष्य. 'सांगत्ये ऐका' या १९५९ सालच्या चित्रपटात त्या होत्या आणि पुढे त्याच नावाने त्यांनी आपली कहाणी सांगितली. काहीही झाकून न ठेवता सांगितली. १९७१ साली त्या गेल्या. मग या कहाणीवरून श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' हा हिंदी चित्रपट केला. त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो स्मिता पाटील यांना. म्हणजे एकीने सोसलं आणि दुसरीने ते पडद्यावर जिवंत केलं. आज दोघींची नावं एकाच समारंभात पुकारली जातात.

स्मिता पाटील तर डिसेंबर १९८६ मध्ये, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेल्या. वय अवघं ३१. आणि 'अरे संसार संसार', 'चानी' यांसारख्या चित्रपटांतून हसवणाऱ्या-रडवणाऱ्या रंजना १९८७ सालच्या मोटार अपघाताने चाकाच्या खुर्चीला खिळल्या. २००० साली त्या गेल्या.

पाहिलंत? नाव बाहुलीवर कोरलं गेलं ते बाई गेल्यानंतर. हे केवळ सरकारी समारंभात घडतं असं मात्र समजू नका. 'तिच्या हाताला काय चव होती!' हे वाक्य आपल्याकडेही तेराव्याच्या पंगतीतच ऐकू येतं की नाही?

जिच्या नावाची कुणाला आठवण नाही

याच्याही मागे जाऊ. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायच्या, तिला भोकं पाडायच्या, दागिने मोडायला काढून द्यायच्या आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा दादासाहेबांनी त्यांनाच विचारलं. त्यांनी नकार दिला. एवढा व्याप सांभाळून आणखी तारामती कधी व्हायचं? शेवटी तारामती झाले अण्णा साळुंके, एका उपाहारगृहातले आचारी! तारामतीच्या रूपात मराठी बाई पडद्यावर दिसली ती १९३२ साली, 'अयोध्येचा राजा' या बोलपटात. त्या होत्या दुर्गा खोटे. चांगल्या घरची मुलगी सिनेमात गेली म्हणून समाजाने त्यांना नावं ठेवली.

१९६९ साली फाळक्यांच्या नावाने देशातला सर्वांत मोठा चित्रपट सन्मान सुरू झाला आणि तो पहिल्यांदा एका बाईलाच मिळाला, देविकाराणींना. ज्यांना नावं ठेवली त्या दुर्गाबाईंनाही १९८३ सालचा फाळके सन्मान मिळाला. पुढे १९८९ चा लता मंगेशकरांना आणि २००० चा आशा भोसल्यांना. दादासाहेबांचं नाव झालं हे योग्यच झालं. पण त्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणारे हात कुणाच्या लक्षात आहेत?

बायकांनी दिलेलं पारितोषिक

चित्रपट निवडतात कसे, हेही थोडक्यात समजून घ्या. सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेला त्या वर्षीचा चित्रपट निर्माता पाठवतो. आधी एक समिती सगळे चित्रपट पाहून नामांकनं काढते, मग अंतिम समिती निकाल लावते. हा सगळा कारभार सांस्कृतिक कार्य विभाग आणि गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ पाहतं. मुलीला पाहायला आधी काका-मामा येतात आणि शेवटचा शब्द थोरल्यांचा, तसंच हे!

पण परीक्षकांचं एक मत आणि बायकांचं दुसरं, असंही होतं. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. शहाण्यासुरत्यांनी नाकं मुरडली. बायका मात्र बैलगाड्या नि ट्रॅक्टर भरभरून गेल्या, पदर ओले करून आल्या आणि पुन्हा गेल्या. पुरस्कारापेक्षा हे पारितोषिक कमी म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. त्या काळोखात बाईला मनसोक्त रडता आलं. घरी तेवढीही सवड नसते.

तरीही, केवळ रडवून सोडून न देणारे चित्रपट हवेतच. १९८२ साली आलेला 'उंबरठा' आठवा. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा, स्मिता पाटील यांचा. त्या वर्षी मराठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. संसार चांगला चाललेला असताना काम करायला घराबाहेर पडणारी सुलभा पाहून घराघरांत वाद झाले. 'तिनं मुलीला सोडून जायला नको होतं' असं म्हणणाऱ्या होत्या, तशा 'नवरा गेला असता तर कुणी विचारलं असतं का?' असंही विचारणाऱ्या होत्या.

आणि सुमित्रा भावे! पुण्याच्या या बाई मुळात सामाजिक संशोधन करणाऱ्या. झोपडपट्टीतल्या बाईची गोष्ट बाईपर्यंतच पोचावी म्हणून १९८५ साली त्यांनी 'बाई' हा छोटा चित्रपट काढला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग सुनील सुकथनकरांबरोबर 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई' असे एकाहून एक सरस चित्रपट केले. २०१७ साली त्यांच्या 'कासव'ला देशातलं सर्वोच्च सुवर्णकमळ मिळालं. २०२१ साली त्या गेल्या, पण कौतुक पाहून गेल्या.

'श्यामची आई'नंतर मराठीला हा सर्वोच्च मान पुन्हा मिळायला तब्बल पन्नास वर्षं लागली होती. २००४ साली तो 'श्वास'ला मिळाला. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी जाणाऱ्या नातवाची आणि त्याच्या आजोबांची ही गोष्ट. मूळ कथा माधवी घारपुरे यांची, म्हणजे बाईचीच. तो ऑस्करला निघाला तेव्हा खर्चासाठी लोकांनी वर्गणी जमवली. त्यानंतर 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' असे तीन चित्रपट त्या मानाला पोचले.

२०२५ सालही चांगलं गेलं. ऑगस्टमध्ये मुंबईत साठावा आणि एकसष्टावा राज्य पुरस्कार सोहळा एकत्र झाला. अभिनेत्री मुक्ता बर्वे यांचा सन्मान झाला आणि आपल्या वऱ्हाडातले गझलगायक भीमराव पांचाळे यांना लता मंगेशकरांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत 'नाळ २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. साडी नेसून आलेल्या चिमुकल्या त्रिशा ठोसरने बालकलाकाराचं पारितोषिक घेतलं, तेव्हा साऱ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आणि मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा नवा 'श्यामची आई'. एकाहत्तर वर्षांनी पुन्हा तीच आई!

मग आपण काय करायचं?

आता थिएटर लांब आहे ही सबब फारशी उरली नाही. दूरदर्शनच्या सह्याद्रीवर मराठी चित्रपट लागतात, मोबाईलवरही बरेच सापडतात. तेव्हा एवढं करून पाहा :

• वर्षातून चार पुरस्कारप्राप्त चित्रपट पाहायचेच, असं ठरवा. सुरुवात 'श्वास', 'उंबरठा', 'दोघी' आणि 'नाळ' यांपासून करा. 'नाळ' मुलांबरोबर पाहा.

• दुपारची कामं आटोपल्यावर शेजारच्या चार जणींना बोलवा. निवडलेला हरभरा आणि चित्रपट दोन्ही होतील!

• संपल्यावर लगेच उठू नका. 'तू तिच्या जागी असतीस तर?' एवढा एकच प्रश्न विचारा. एरवी गप्प असणारी मैत्रीणही बोलती होते.

• एखादा चित्रपट यजमानांबरोबर बसून पाहा. 'उंबरठा' असेल तर चहा आधीच करून ठेवा, चर्चा लांबते.

• महिला मंडळात जाहीर खेळ करायचा असेल तर चित्रपटाच्या मालकाची परवानगी आधी घ्या.

आणि शेवटचं. पुरस्कार म्हणजे चार लोकांत मोठ्याने म्हटलेलं 'छान केलंस'. ते म्हणायला सरकार लागत नाही, बाहुली लागत नाही. सासूबाईंच्या पुरणाला, जावेच्या शिवणाला, मुलीने पहिल्यांदा लाटलेल्या वेड्यावाकड्या पोळीला हे शब्द आजच म्हणा. त्यांना ऐकू येईल असे म्हणा.