देवाच्या प्रेमाला अट असते का?

एरवी या कार्यक्रमात आपण हप्ते, व्याज, रेशनकार्ड, लसीकरण यांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. आमच्या गटांत हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या घरच्या बाया एका सतरंजीवर बसतात. त्यातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीचं तान्हं बाळ गेलं. चर्चमध्ये ऐकायचं की देवाचं प्रेम बिनशर्त आहे, आणि घरात ऐकायचं की हे तुझ्याच पापाचं फळ. यातलं खरं कोणतं, असं तिने विचारलं. आम्ही काही पाळक नाही. पण प्रश्न बाईच्या जिवाशी येणारा आहे, म्हणून आम्ही बायबल वाचलं, जाणत्यांना विचारलं. जे समजलं ते सांगतो.

आधी घरातल्या बोलण्याचं बघू. योहानाच्या शुभवर्तमानात ९व्या अध्यायात एक जन्मांध माणूस येतो. शिष्य येशूला विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशूचं उत्तर सरळ आहे: यानेही नाही आणि आईबापानेही नाही. म्हणजे दुःख आलं की बाईच्या पदरात पाप शोधायचं, याला त्यांच्या धर्मग्रंथातच आधार मिळत नाही. ही गोष्ट त्या घरात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवी, असं आम्हाला वाटतं.

आता प्रेमाचं. ‘बिनशर्त’ हा शब्द बायबलमध्ये नाही. तिथे शब्द आहेत प्रीती आणि कृपा. कृपा कशाला म्हणायचं? दिवसभर खुरपलं आणि संध्याकाळी पैसे मिळाले, ती मजुरी. न खुरपता, लायकी न बघता मिळालं, ती कृपा. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की देवाचं प्रेम मजुरीसारखं कमवावं लागत नाही.

हे सांगायला येशूने उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली. ती लूकच्या १५व्या अध्यायात आहे. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागतो. आपल्या गावात असं कोणी केलं तर लोक काय म्हणतील, ते तुम्हाला सांगायला नको. बाप वाटणी करून देतो. मुलगा दूर देशी जाऊन सगळं उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते, तेव्हा घर आठवतं. निदान गडी म्हणून ठेवा, असं म्हणायचं ठरवून तो निघतो. पण बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. मुलाचं पाठ केलेलं बोलणं पुरतं व्हायच्या आधीच अंगावर झगा, बोटात अंगठी, पायात वहाणा, आणि घरात मेजवानी. बापाने आधी माफीनामा मागितला नाही.

एवढंच असतं तर भाषण इथेच संपलं असतं. पण मत्तयाच्या १८व्या अध्यायात कर्जाची एक गोष्ट आहे, आणि कर्ज म्हटलं की आपले कान टवकारतात. एका चाकराला राजाचे दहा हजार तालांत द्यायचे होते. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. हिशोब मांडा: सहा कोटी दिवसांची मजुरी! कोणता गट फेडणार ती? राजाने सगळं माफ केलं. हा चाकर बाहेर पडला, आणि ज्याच्याकडे त्याचे फक्त शंभर दिनार होते त्याची मानगूट धरून त्याला तुरुंगात टाकलं. राजाला कळल्यावर माफी मागे घेतली गेली.

मग ही अट झाली की नाही? यावर ख्रिस्ती लोकांतच शेकडो वर्षं वाद आहे. १५१७ साली जर्मनीत मार्टिन लूथरने चर्चच्या पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांवर आक्षेप घेतला. पुढे त्याने शिकवलं की तारण कृपेने आणि विश्वासाने मिळतं, पुण्यकर्मांनी विकत घेता येत नाही. कॅथलिक म्हणत, कृपा पहिली हे खरं, पण माणसाने तिला साथ द्यायला हवी. शेवटी १९९९ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि लूथरन चर्चनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देव कृपेने स्वीकारतो, आपल्या गुणांमुळे नाही, आणि चांगली कामं हे त्या कृपेचं फळ असतं. एवढं मान्य करायला जवळपास पाच शतकं लागली. कॅल्विनच्या वाटेने जाणारे तर म्हणतात, देवाची निवड बिनशर्त आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. हे मात्र आमच्या पचनी पडलं नाही, खरं सांगतो.

आम्हाला पटलं ते असं. प्रेम मिळण्याला अट नाही, पण ते मिळाल्यावर माणूस होता तसाच राहत असेल, तर त्याने ते घेतलंच नाही. डीट्रिख बोनहोफर नावाच्या जर्मन पाळकाने १९३७ साली आपल्या पुस्तकात स्वस्त कृपा असा शब्द वापरला. पश्चात्ताप नको, बदल नको, नुसती माफी हवी, ती स्वस्त कृपा. हिटलरला विरोध केला म्हणून १९४५ साली त्यांना फाशी झाली.

आपल्या मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी पाहिलं, की समाजाने टाकलेल्या बायांची जोगिणी मायेने सेवा करतात. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. पाच नवरे झालेली, परक्या जातीची ती बाई, आणि येशू विहिरीवर तिच्याकडे पाणी मागतो. विटाळ मानणाऱ्या समाजात! रमाबाईंच्या मनावर याचा खोल ठसा उमटला. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो बायकामुली आल्या. कोणीच नाही म्हणून आलेल्यांना तिथे आसरा होता, आणि आसऱ्याबरोबर शिक्षण, विणकाम, शेती, छापखान्याचं कामही होतं.

आता एक शेवटचं, कारण बैठकीत हे हमखास निघतं. दारूपायी घर धुवून काढणारा नवरा परत येतो आणि म्हणतो, देव माफ करतो तर तू कोण? त्याच्या हातात पुन्हा पासबुक द्यायचं का? उधळ्या मुलाची गोष्ट नीट वाचा. झगा मिळाला, अंगठी मिळाली. पण बाप रागावलेल्या थोरल्याची समजूत काढायला बाहेर येतो तेव्हा म्हणतो, जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे. धाकट्यासाठी वाटणी पुन्हा केल्याचं गोष्टीत कुठे लिहिलेलं नाही. आणि मारहाण होत असेल तर आधी जीव वाचवायचा. १८१ वर फोन करा, गटातल्या बायांना हाक मारा. माफीचं नंतर बघता येतं.