स्वस्त झालेल्या प्लेस्टेशनचा हिशेब

नोव्हेंबर २००६मध्ये प्लेस्टेशन ३ अमेरिकेत विक्रीला आलं, तेव्हा ६० जीबीच्या मॉडेलची किंमत होती ५९९ डॉलर. गेम खेळायच्या यंत्राला एवढे पैसे कोण मोजणार, म्हणून त्याची भरपूर टिंगल झाली. गंमत म्हणजे त्या किमतीतही सोनीला ते परवडत नव्हतं. आयसप्लाय या बाजार-अभ्यास संस्थेने यंत्र उघडून एकेका भागाची किंमत मांडली, तर बेरीज सुमारे ८४० डॉलर आली. हा अंदाज बाहेरच्यांचा होता खरा. पण उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीला विकल्यामुळे तोटा झाला, हे सोनीने आपल्या आर्थिक अहवालांतही मान्य केलं.

पुढे तीनच वर्षांनी, सप्टेंबर २००९मध्ये, प्लेस्टेशन ३ चं ‘स्लिम’ मॉडेल २९९ डॉलरला मिळू लागलं. हार्ड डिस्क दुप्पट, किंमत निम्मी. तोट्यात विकलेली वस्तू निम्म्या किमतीला विकायची आणि तरी तोटा कमी होत जायचा, हे कसं जमलं? थोडं भौतिकशास्त्राने आणि थोडं कात्रीने. भौतिकशास्त्राचा भाग कंपनी जाहिरातीत मिरवते. कात्रीचा भाग मात्र गिऱ्हाइकाला बहुधा घरी जाऊन खोकं उघडल्यावर कळतो.

आधी भौतिकशास्त्र. प्लेस्टेशन ३ चा मेंदू म्हणजे सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेली ‘सेल’ नावाची चिप. त्यात २३ कोटी ४० लाख ट्रान्झिस्टर होते. पहिल्या यंत्रांत ती ९० नॅनोमीटर पद्धतीने बनवलेली होती आणि तिचं क्षेत्रफळ २३५ चौरस मिलिमीटरच्या आसपास होतं. स्लिमपर्यंत येता येता तीच चिप, तेवढेच ट्रान्झिस्टर घेऊन, ४५ नॅनोमीटर पद्धतीने बनू लागली आणि ११५ चौरस मिलिमीटरवर आली.

आकार निम्मा झाला की खर्च का घटतो, हे समजायला शंकरपाळ्यांची पोळी आठवा. चिप एकेक करून बनत नाहीत. ३०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची गोल चकती, म्हणजे वेफर, घेऊन तिच्यावर शेकडो चिप एकदम छापतात आणि मग कापतात. कडेचे वेडेवाकडे तुकडे वाया जातात. कारखान्याचा खर्च मुख्यतः चकतीमागे असतो. तिच्यातून किती तुकडे निघाले याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. एका चकतीत २३५ चौरस मिलिमीटरच्या चिप अडीचशेच्या आसपास बसतात, ११५ च्या साडेपाचशे.

खरी मेख पुढे आहे. कारखाना कितीही स्वच्छ ठेवला, तरी चकतीवर इथे-तिथे दोष राहतातच. एखादा धूलिकण, एखादी तुटकी रेघ. समजा, एका चकतीवर असे ५० दोष आहेत आणि प्रत्येक वेगळ्या चिपवर पडला आहे. मोठ्या चिपच्या चकतीतून पन्नास बाद झाल्या, तर पाचातली एक गेली. लहान चिपच्या चकतीतूनही पन्नासच बाद होतील, पण ते प्रमाण अकरात एक. म्हणजे आकार निम्मा केल्यावर चांगल्या चिप दुपटीहून जास्त निघतात.

या दोषांशी सोनीने सुरुवातीलाच एक हुशार तडजोड करून ठेवली होती. सेलवर एक मुख्य प्रोसेसर आणि गणितं झपाट्याने करणारे आठ साहाय्यक प्रोसेसर होते. प्लेस्टेशन ३ मध्ये मात्र त्यांतले सातच चालू ठेवायचे, असं ठरलं. म्हणजे आठांपैकी एकावर दोष पडला, तरी चिप फेकायची नाही. तेवढा प्रोसेसर बंद करायचा आणि उरलेलं वापरायचं. आठही धडधाकट असले, तरी एक बंदच. उरलेल्या सातांतला एक यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखीव होता, त्यामुळे गेम लिहिणाऱ्यांच्या वाट्याला सहा आले.

लहान चिपचा फायदा चिपवर थांबत नाही. लहान ट्रान्झिस्टरला उघडझाप करायला कमी वीज लागते, त्यामुळे उष्णता कमी. उष्णता कमी म्हणून तिला वाट देणारा धातूचा सांगाडा लहान, पंखा लहान, वीजपुरवठ्याचा भाग लहान. पहिल्या प्लेस्टेशन ३ चा वीजपुरवठा ३८० वॉटचा होता, स्लिमचा २५० वॉटचा. वजन ५ किलोवरून ३.२ किलोवर आलं. हलकं, छोटं खोकं म्हणजे एका कंटेनरमध्ये जास्त यंत्रं. जहाजाचं भाडंही वाचलं.

ब्लू-रे ड्राइव्हची कथाही अशीच. तिच्यातला लेझर ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळा-जांभळा. लाल लेझरपेक्षा तरंगलांबी कमी, म्हणून तो अधिक बारीक खुणा वाचू शकतो आणि एका थरात २५ जीबी मावतात. हा प्रकाश देणारं गॅलियम नायट्राइड ताब्यात आणायला जपानी संशोधकांची अनेक वर्षं गेली होती आणि २००६मध्ये असे डायोड पुरेसे बनतच नव्हते. त्या टंचाईपायी युरोपातली विक्री मार्च २००७पर्यंत पुढे ढकलावी लागली. डायोडचं उत्पादन वाढलं, तसा ड्राइव्हचा भाव उतरला.

आता कात्रीकडे वळू. पहिल्या जपानी आणि अमेरिकी प्लेस्टेशन ३ मध्ये प्लेस्टेशन २ चं जवळजवळ सगळं काळीज बसवलेलं होतं: ‘इमोशन इंजिन’ हा प्रोसेसर आणि त्याची चित्रं रंगवणारी जोडीदार चिप. त्यामुळे घरातले जुने गेम नव्या यंत्रात चालत. युरोपात आलेल्या मॉडेलमधून इमोशन इंजिन काढलं गेलं आणि त्याचं काम सॉफ्टवेअरकडून करून घेतलं. ते सगळ्या गेमना झेपलं नाही. मग २००७च्या शरद ऋतूत ४० जीबीचं मॉडेल आलं, अमेरिकेत ३९९ डॉलरला. त्यात जोडीदार चिपही नव्हती आणि प्लेस्टेशन २ चे गेम पूर्ण बंद झाले. यूएसबीची चार भोकं होती, त्यांची दोन झाली. मेमरी कार्ड वाचायची सोय गेली. सुपर ऑडिओ सीडी वाजेनाशी झाली.

यूएसबीची दोन भोकं गाळून असं किती वाचणार, असं वाटतं. पण प्लेस्टेशन ३ आठ कोटींहून जास्त विकली गेली. यंत्रामागे एक डॉलर वाचला, तरी त्याचे आठ कोटी होतात. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं, तर ज्याच्याकडे प्लेस्टेशन २ चे गेम होते, त्याला ही किंमतकपात नव्हतीच. त्याला कमी पैशांत कमी वस्तू मिळाली. याला मी स्वस्ताई म्हणणार नाही.

एक सोय मात्र अशी गेली, जिच्यात कारखान्यात वाचण्यासारखा एकही सुटा भाग नव्हता. सुरुवातीच्या प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चढवता येत असे. तोट्यात विकला जाणारा इतका ताकदवान संगणक शास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी आधी आठ आणि मग सोळा यंत्रं जोडून कृष्णविवरांची गणितं केली. त्यांतली काही यंत्रं सोनीनेच दिली होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने तर सतराशेहून जास्त प्लेस्टेशन जोडून ‘काँडोर’ हा महासंगणक उभारला. या गिऱ्हाइकांचा सोनीला उपयोग शून्य. कन्सोलवरचा तोटा भरून निघतो तो गेमच्या विक्रीतून, आणि कृष्णविवरवाले गेम कशाला घेतील?

स्लिममध्ये लिनक्सची सोय दिलीच नाही. १ एप्रिल २०१०ला आलेल्या ३.२१ क्रमांकाच्या अपडेटने ती जुन्या, आधीच विकलेल्या यंत्रांतूनही काढली. कारण सुरक्षिततेचं दिलं. त्याच वर्षी जानेवारीत जॉर्ज हॉट्झ या तरुण हॅकरने लिनक्सच्या वाटेनेच यंत्राचं कुलूप सैल केलं होतं, त्यामुळे कारण अगदीच खोटं नव्हतं. अपडेट घ्या आणि लिनक्स गमवा, किंवा नाकारा आणि ऑनलाइन खेळणं गमवा, एवढेच दोन पर्याय ग्राहकापुढे होते. अमेरिकेत खटला झाला, रेंगाळला आणि २०१८मध्ये माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलरच्या तडजोडीवर मिटला. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूतला भाग विकणाऱ्याने दुरून काढून घ्यावा, हे मला आजही पटत नाही.

हा सगळा इतिहास आज सांगायचं कारण म्हणजे यातला भौतिकशास्त्राचा अर्धा भाग आता थकला आहे. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आलं. चिप ७ नॅनोमीटरवरून ६ वर गेली, वजन ४.५ किलोवरून ३.९ वर आलं. म्हणजे जुनाच क्रम चालू होता. किंमत मात्र उतरली नाही. ऑगस्ट २०२५मध्ये ती ५० डॉलरने वाढली. भारतात फेब्रुवारी २०२१ची ४९,९९० रुपयांची किंमत नोव्हेंबर २०२२मध्येच ५४,९९० झाली होती.

महागाई आणि अमेरिकेतलं आयातशुल्क ही कारणं आहेतच. पण पूर्वी अशा धक्क्यांना चिपचा घटता खर्च पुरून उरायचा. आता नव्या पद्धतीची चकतीच इतकी महाग आहे, की चिप लहान करून वाचलेले पैसे चकतीच गिळते. शिवाय चिपचे सगळे भाग सारखे आकसत नाहीत. चिप बनवणाऱ्या टीएसएमसी या कंपनीच्या ५ नॅनोमीटर पद्धतीतून तिच्या ३ नॅनोमीटरच्या मुख्य पद्धतीत जाताना चिपमधल्या स्मृतीची पेशी जवळजवळ तेवढीच राहिली. त्यात २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपचा भाव चढवून ठेवला.

भौतिकशास्त्र हातभार लावेना, तेव्हा उरते कात्री. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या खोक्यात यंत्र उभं करायचा स्टँड मिळायचा. २०२३च्या स्लिमसोबत उभा स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो. २०२४मध्ये ‘प्रो’ आलं तेव्हा त्याची किंमत ७०० डॉलर होती, आणि डिस्क ड्राइव्ह त्यात नाही. २०२५मध्ये युरोपात डिजिटल मॉडेलची नवी आवृत्ती आली. किंमत तीच, साठवण मात्र १ टीबीवरून ८२५ जीबी.

म्हणून कन्सोल घेताना नावावर आणि सवलतीच्या आकड्यावर जाऊ नका, खोक्यावरचा मॉडेल क्रमांक वाचा. प्लेस्टेशन ५ ला तो ‘सीएफआय’ने सुरू होतो, आणि नाव तेच ठेवून आत काय बदललं हे त्यापुढचे आकडेच सांगतात. जुनं प्लेस्टेशन ३ कुणी विकत असेल आणि तुमच्याकडे प्लेस्टेशन २ चे गेम असतील, तर क्रमांकात ‘सीईसीएच’नंतर ए किंवा बी हे अक्षर आहे ना, एवढं बघा. इमोशन इंजिन फक्त त्या दोनांतच आहे.