पाय ताठरतात: समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

चालता चालता एकाच पायातली चप्पल निसटते. उंबऱ्याला बोटं अडखळतात. रात्री अंथरुणात पाय लांब केले की लाकडासारखे ताठ होतात, आणि बसमध्ये चवड्यावर भार आला की टाच थडथड उडू लागते. अशा माणसाची चप्पल उलटी करून पाहा, बऱ्याचदा तिचा पुढचा भाग जास्त झिजलेला असतो. पाऊल पुरतं उचललं जात नाही, घासत जातं. घरचे म्हणतात, ‘नस आखडली, तेल लावून जोरात रगडा.’

पहिला गैरसमज इथेच आहे. मूळ बिघाड पायात नसतो, मेंदूत किंवा मज्जारज्जूत असतो. मेंदूकडून येणारा निरोप स्नायूंना हलवतो, तसाच त्यांच्या आखडण्याला लगामही घालतो. त्या वाटेवर इजा झाली की लगाम सुटतो. असा स्नायू जितक्या झटक्यानं ताणाल तितका तो उलट ओढतो. म्हणून ताण द्यायचा तो सावकाश, अर्धा मिनिट तरी धरून, आणि रोज. शेकतानाही जपा. पायाची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसलेला कळत नाही.

‘म्हणजे हा मल्टिपल स्क्लेरोसिस, एमएसच!’ हा दुसरा घाईचा निष्कर्ष. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चेतातंतूंवरच्या मायलिन आवरणावर हल्ला करते, आणि पायांचा ताठरपणा हे त्याचं नेहमीचं लक्षण आहे. पण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मानेच्या मणक्यांचा मज्जारज्जूवर दाब, मणक्याचा क्षयरोग यांतही पाय असेच ताठरतात. विदर्भातल्या जुन्या लोकांना लाखेच्या डाळीनं ताठलेले पाय आठवत असतील. यातल्या काही कारणांवर वेळेत उपचार झाले तर पुढचं नुकसान टळतं, म्हणून आधी ती तपासायलाच हवीत.

एमएसचं निदान करताना डॉक्टर वेगवेगळ्या जागी, आणि बऱ्याचदा वेगवेगळ्या वेळीही, इजा झाल्याचा पुरावा शोधतात. त्यामुळे ‘शक्यता आहे’ हे उत्तर कधी महिनोन् महिने तसंच राहतं. ही टाळाटाळ नसते. पण तोवर ताठरपणा सोसत बसायचं, हेही मला मान्य नाही. त्यावरचे उपचार अंतिम निदानासाठी अडून राहत नाहीत.

‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो,’ या भीतीनं कितीतरी जण निदानासाठी कधी लागणारी ही तपासणी टाळतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो, आणि सुई त्याच्या खाली घालतात. नंतर काही दिवस डोकेदुखी होऊ शकते, तो त्रास खरा आहे.

गोळ्यांबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. ताठरपणावरचं बॅक्लोफेन ‘बरं वाटलं’ म्हणून एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. मात्राही स्वतःहून वाढवू नका. कमजोर पायाला कधी तो ताठरपणाच उभं राहायला आधार देत असतो, तो पुरता गेला तर गुडघा मुडपतो. आणि त्रास अचानक वाढला, तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, बोटात रुतलेलं नख, टोचणारी चप्पल पाहा. शरीरातली अशी छोटी ठसठसही पाय ताठ करते.

एमएस संसर्गजन्य नाही. लग्न किंवा गर्भारपण त्यामुळे निषिद्ध ठरत नाही, औषधांबाबत मात्र आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. प्रत्येकाला चाकाची खुर्ची लागतेच असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

दोन्ही पायांची ताकद काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत घसरली, लघवी अडली किंवा ताबा सुटला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.