सजगता-साधना व वंचित समाज

सजगता-साधना : श्वास, शारीरिक संवेदना, विचार व भावना यांकडे, त्यांना चांगले-वाईट न ठरविता, त्या त्या क्षणी हेतुपूर्वक लक्ष देण्याचा सराव. बौद्ध परंपरेतील ‘सति’ (स्मृती) ही संकल्पना तिच्या मुळाशी असून सतिपट्ठानसुत्तात तिचे विवेचन आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तिला धर्मनिरपेक्ष उपचाराचे रूप दिले. पुढे मानसचिकित्सेशी तिची सांगड घालण्यात आली. वारंवार उद्‌भवणारा अवसाद पुन्हा येऊ नये यासाठी ती उपयुक्त ठरली आहे.

प्रचलित रूपाच्या मर्यादा : कबात-झिन यांचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असून त्यात रोज सु. पाऊण तास घरी सराव अपेक्षित असतो. इगतपुरी येथे १९७६ पासून चालणारी विपश्यनेची दहा दिवसांची निवासी शिबिरे विनाशुल्क असली, तरी हातावर पोट असणाऱ्यास तेवढ्या दिवसांची मजुरी बुडविणे परवडत नाही.

मुंबई-गोवा महामार्गावरील कशेडी घाटाच्या उत्तरेकडील पोलादपूर व महाड तालुक्यांत (रायगड जिल्हा) अशा अडचणी एकवटलेल्या दिसतात. वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. अनेक घरांतील कर्ते पुरुष मुंबईस असल्याने शेती, गुरे व वृद्ध यांचा भार स्त्रियांवर पडतो. कोकणातील शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे व रत्नागिरी येथे आहेत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा आपत्तीतून वाचलेल्यांपैकी काहींना डोळे मिटून स्वस्थ बसताच तीच दृश्ये पुन्हा दिसू लागण्याचा संभव असतो.

अनुकूलन : यास्तव केवळ सूचनांचे भाषांतर पुरेसे नसते. सराव तीन ते पाच मिनिटांचा, डोळे उघडे ठेवून, जमिनीवर टेकलेल्या पावलांकडे वा भोवतालच्या आवाजांकडे लक्ष देऊन करता येतो. लावणी, दळण, पाणी भरणे या कामांतही तो बसविता येतो. ‘अवसाद’ या संज्ञेपेक्षा ‘जीव घाबरणे’, ‘झोप न लागणे’ असे बोलीतील शब्द जवळचे वाटतात. साधना कोणत्याही एका धर्माशी जोडू नये, तसेच ती मध्येच थांबविण्याची मोकळीक असावी.

शिकविणारी व्यक्ती परिसरातील असणे हिताचे असते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी मानसिक आरोग्याचे काम केले. अवसादग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेले. हा उपक्रम सजगता-साधनेचा नव्हता. तथापि गावातील माणसामार्फत उपचार पोहोचू शकतो, हे त्यावरून दिसते.

मर्यादा : कर्ज, विस्थापन, घरातील मारहाण ही दुःखाची कारणे साधनेने दूर होत नाहीत, ती निमूटपणे सोसण्याची शिकवण, असे तिचे रूप होता कामा नये. आत्महत्येचे विचार, भ्रम वा तीव्र अवसाद असल्यास मानसरोगतज्ञाकडे पाठविणे आवश्यक असते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या दूरध्वनी-क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये शासकीय मानसोपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. सजगता-साधना ही त्यास पूरक असून त्याची जागा घेऊ शकत नाही.