मुलग्यांच्या छातीची वाढ व तीवरील शस्त्रक्रिया

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा एकाएकीं पोहावयास जाणें टाळतो, आखाड्यांत सदरा उतरीत नाहीं, पूजेस उघड्या अंगानें बसण्याचा प्रसंग आला कीं उपरणें गळ्याशीं लपेटून घेतो. वडील मंडळी त्यास आळशी ठरवितात, भावंडें हंसतात. पुष्कळ वेळां कारण इतकेंच असतें कीं, त्याची छाती स्त्रीप्रमाणें वाढूं लागलेली असते. शिक्षकाच्या पेशांत अशीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांपैकीं कोणी आपण होऊन घरीं बोलल्याचें आम्हांस आठवत नाहीं. म्हणूनच या संकोचाच्या विषयावर लिहिण्याचें योजिलें आहे.

वैद्यकांत या विकारास ‘गायनेकोमॅस्टिया’ म्हणतात. ग्रीक भाषेंतील स्त्री व स्तन या अर्थाच्या दोन शब्दांचा हा समास आहे. पुरुषाच्या शरीरांतही स्त्रीत्वाचे अंतःस्राव थोड्या प्रमाणांत असतात. वयांत येतांना त्यांचा व पुरुषी अंतःस्रावांचा तोल कांहीं काळ ढळतो, आणि स्तनाग्राखालीं रबरासारखी घट्ट चकती हातास लागते. सुमारें निम्म्या मुलांत हें कमीअधिक घडतें व बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतें. तेव्हां एकदां डॉक्टरांस दाखवून स्वस्थ राहावें; शस्त्रक्रियेची घाई नको. नुसती चरबी असेल तर वजन उतरविणें हा पहिला उपाय.

प्रौढपणीं मात्र कारण शोधलेंच पाहिजे. यकृताचा किंवा थायरॉईडचा विकार, वृषणांतील गांठ, स्पायरोनोलॅक्टोनसारखें औषध, आणि हल्लीं स्नायू फुगविण्यासाठीं घेतलीं जाणारीं स्टेरॉइडें, यांपैकीं कांहींही मुळाशीं असूं शकतें. (बलोपासनेच्या नांवाखालीं पौरुषाचाच तोल बिघडावा, हा विनोद कडवट खरा!) एकाच बाजूस कठीण गांठ असेल वा स्तनाग्रांतून रक्त येत असेल तर मुळींच वेळ दवडूं नये, स्तनाचा कर्करोग पुरुषांसही, क्वचित् कां होईना, होतो.

वर्ष-दोन वर्षें लोटूनही वाढ हटली नाहीं, तर ती तंतुमय होते आणि औषधास सहसा दाद देत नाहीं. मग शस्त्राचाच मार्ग उरतो. तो नवा नाहीं. सातव्या शतकांत एजिना बेटावरील पॉल नामक ग्रीक वैद्यानें स्तनाखालीं चंद्रकोरीसारखा छेद घेऊन आंतील भाग काढण्याची रीत लिहून ठेविली. या व्यंगामुळें पुरुषास बायकीपणाचा टोमणा सोसावा लागतो, हेंच कारण त्यानें दिलें आहे. १९४६ सालीं जेरोम वेब्स्टर या अमेरिकन शल्यवैद्यानें स्तनाग्राभोवतालच्या काळसर वलयाच्या हद्दींतच अर्धवर्तुळाकार छेद घेण्याची पद्धत वर्णिली. त्यामुळें व्रण लपूं लागला. १९८० नंतर बारीक नळीनें चरबी शोषून घेण्याची जोड मिळाली. घट्ट ग्रंथी मात्र नळींतून सहसा येत नाहीं, ती कापूनच काढावी लागते. समूळ खरडली तर स्तनाग्र बशीसारखें खोल जातें, म्हणून निष्णात शल्यवैद्य तेथें पातळ थर राखतो.

बहुधा रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशीं घरीं येतो. पुढें कांहीं आठवडे छातीस घट्ट बसणारी बंडी घालावी लागते, जड ओझें उचलावयाचें नसतें. रक्त सांचणें, बधिरता, दोन्ही बाजू विषम दिसणें हे धोके आहेत. त्यांविषयीं शल्यवैद्यास आधींच विचारून घ्यावें. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला जाणार कीं नाहीं, हेंही विचारावें. हें सर्व बोलणें मुलाच्या समक्ष व्हावें.